सिनेमात नसलेले आबा

माझी आई गायची, पण ते तिला ठाऊक नव्हतं. तिला कोणी विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, मी दळते, भांडी घासते, भात लावते. गाणं त्या कामाबरोबर आपोआप यायचं. पहाटे जात्यावर तिच्या ओव्या सुरू झाल्या की मी गोधडीत डोळे मिटून पडून राहायची. आमच्या लोकांनी धम्म घेतला तेव्हा त्या ओव्यांतली देवांची नावं गेली आणि बुद्धाचं नाव आलं, चाल मात्र तीच राहिली. वलवणच्या रस्त्याला आमची वस्ती, दोन खोल्यांचं कौलारू घर, मागं धरणाचं पाणी, आणि पलीकडे दिवसभर घाटात गाड्या ढकलणाऱ्या इंजिनांचे भोंगे. त्या भोंग्यांवरून आई वेळ ओळखायची. संध्याकाळचा एक ठरावीक भोंगा झाला की तवा चुलीवर चढायचा, कारण आबा आता पहार खांद्यावर टाकून रुळाच्या कडेनं निघाले असणार. आबा, माझे वडील, रेल्वेत रुळांची देखभाल करणारे गँगमन होते. उंच, सावळे, कमी बोलणारे. पहार भिंतीला टेकवून, हातपाय धुऊन ते चुलीपाशी बसायचे आणि विचारायचे, "आज काय गं?" आई म्हणायची, "तुमच्या आवडीचं." ते कधी सुकटीचं कालवण असायचं, कधी खाचरातल्या चिंबोऱ्यांचा रस्सा, तर कधी नुसती भाकरी आणि लसणाची चटणी. आबा दर वेळी म्हणायचे, "व्हय, आवडीचंच हाय." त्या दोघांची थट्टामस्करी एवढीच होती आणि ती रोज चालायची.

आमच्या रस्त्यावर मुंबईच्या एका शेठचा बंगला होता. आई तिथं अंगण झाडायला जायची. मी सहा-सात वर्षांची असताना त्या बंगल्यात निशिकांत राहायला आले. आजच्या मुलांना हे नाव ठाऊक नाही, पण तेव्हा हॉटेलातल्या रेडिओवर त्यांचं गाणं लागलं की लोक चहाची बशी तोंडाशी धरून थांबायचे, इतका तो आवाज हलका होता. शेजारी बसून कानात सांगितल्यासारखा. आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. आमच्या लेखी ते मुंबईहून हवा खायला आलेले एक आजारी साहेब होते. क्षयानं त्यांची छाती पोखरली होती आणि घसा पार गेला होता. ते बोलायचे तेव्हा कोरड्या पानांवरून कोणी चालल्यासारखा आवाज यायचा. बंगल्यात स्वयंपाकाला एक सोवळ्यातल्या बाई होत्या. आजाराचं नाव कळल्यावर त्या दुसऱ्याच दिवशी निघून गेल्या. दोन दिवस साहेब पावावर होते. तिसऱ्या दिवशी ते मागच्या दारी आले आणि झाडणाऱ्या माझ्या आईला म्हणाले, "बाई, तुम्ही कराल का माझं जेवण?" आईनं आधी आपली जात सांगितली. ते हसले आणि म्हणाले, "मी माझा आजार सांगितला, तुम्ही तुमची जात सांगितली. आता भूक लागलीय."

आईनं त्यांना आंबेमोहराची पेज करून दिली, वर तुपाचा थेंब आणि बाजूला भाजलेली सुकी मिरची. पुढं आठ-नऊ महिने ती त्यांचं सगळं करायची. मला आत जायची बंदी होती. मी लांब जांभळाखाली बसून बघायची. साहेब स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर पेजेचा वाडगा घेऊन बसलेले असायचे, आई भांडी घासत गात असायची, आणि ते चमच्यानं वाडग्यावर ठेका धरायचे. ती थांबली की म्हणायचे, "थांबू नका." संध्याकाळी आबा तिला न्यायला यायचे. साहेब त्यांना पायरीवर बसवून घ्यायचे, रुळांची, बोगद्यांची माहिती विचारायचे. पावसाळ्यात साहेबांच्या तोंडातून रक्त पडायला लागलं. मुंबईला न्यायचं ठरलं, पण मोटार चिखलात रुतली ती निघेना. तेव्हा आबांनी घोंगडीत गुंडाळून त्यांना पाठीवर घेतलं आणि बंगल्यापासून स्टेशनापर्यंत चालत नेलं. वाटेत साहेबांनी त्यांच्या कानाशी काय म्हटलं ते आबांनी घरी येऊन सांगितलं होतं. "म्हनले, भाऊ, तुमच्या घरात लय मोठा गळा हाय. जपा." महिन्याभरात साहेब मुंबईला इस्पितळात वारले. बंगल्याच्या माळ्यानं ते पेपरात वाचलं. आई त्या दिवशी गुडघ्यात डोकं घालून थोडी रडली आणि मग भात लावायला गेली.

दहा-अकरा वर्षांनी, मी मॅट्रिकच्या आदल्या वर्गात असताना, हिवाळ्यात त्याच बंगल्यापुढं तीन ट्रक आणि पाच-सहा मोटारी येऊन थांबल्या. निशिकांतांच्या आयुष्यावर हिंदी सिनेमा निघत होता. आमच्या वस्तीला जणू जत्राच आली. मोठाले दिवे, रुळांवर सरकणारा कॅमेरा, चहाच्या पिंपासारखे लाउडस्पीकरचे भोंगे. सकाळी खरं धुकं यायचं तेव्हा ती माणसं ते जायची वाट बघत बसायची, आणि ऊन पडलं की धुराच्या नळकांड्या फोडून खोटं धुकं करायची. आबा हे बघून पहिल्यांदा मोठ्यानं हसले होते. निशिकांतांचं काम करणारा नट देखणा होता. तो फक्त ओठ हलवायचा आणि भोंग्यातून जुनी तबकडी वाजायची. पहिल्यांदा ती वाजली तेव्हा आई अंगण झाडत होती. तिचा हात थांबला. तिची त्यांची ओळख झाली होती ती त्यांचा आवाज गेल्यावर. माळ्यानं तिला सांगितलं, हेच ते तुझे साहेब. ती खराटा धरून उभीच राहिली आणि गाणं संपल्यावर मला म्हणाली, "असं गात व्हता व्हय त्यो मानूस? आन माझं ऐकत बसायचा?"

सिनेमाची गोष्ट लिहिणारे देसाई म्हणून एक गृहस्थ होते. चष्मा, खांद्याला झोळी, बोलणं अगदी मऊ. साहेबांचे शेवटचे महिने माझ्या आईनं बघितलेत हे कळल्यावर ते रोज आमच्या ओसरीवर येऊन बसायला लागले. आई त्यांना सगळं खरं सांगायची, अगदी खोकल्याच्या भांड्यात राख कशी टाकायची इथपर्यंत. आईची बोली त्यांना सगळी कळायची नाही, म्हणून मी मध्ये बसून शुद्ध भाषेत सांगायची. सतरा वर्षांची मी, शाळेत पहिल्या पाचात येणारी. बेडश्याच्या एका प्राथमिक शिक्षकाशी माझी सुपारी फुटली होती. तो मुलगा मला आवडला होता. असं सगळं छान चाललेलं असताना मला सिनेमाचं वेड लागलं. देसाई वहीत लिहायचे तेव्हा त्यांच्या पेनाकडे मी टक लावून बघायची. खोकला, राख, पेज हे ऐकताना तो पेन थांबायचा, आणि मला तो चालता हवा असायचा. एक दिवस आई पाण्याला गेली असताना त्यांनी विचारलं, "साहेब गेले तेव्हा आईंना फार वाईट वाटलं असेल, नाही?" मी म्हटलं, "दोन दिवस जेवली नाही." हे खोटं होतं. पेन चालायला लागला. मग मी म्हटलं, "त्यांचा एक रुमाल आहे आईकडे. पेटीत लपवलाय. कधी कधी काढून वास घेते." आमच्याकडे पेटी होती, रुमाल नव्हता. देसाईंनी चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "वा!" त्या एका शब्दानं मी दिवसभर हवेत होते.

आईचं काम करणारी नटी चांगल्या मनाची होती. ती आमच्या घरी येऊन जात्यावर बसली, नऊवारी कशी नेसायची ते आईकडून शिकली, आमच्या ताटात जेवली. आईला वाटलं, आता जगाला कळेल की एका आजारी माणसाची सेवा झाली ती कुणाच्या हातून. जाताना त्या लोकांनी आईला साडी दिली, आबांना टॉर्च दिला. आबा तो टॉर्च रोज पुसून ठेवायचे.

दुसऱ्या वर्षी श्रावणात सिनेमा आमच्या गावात लागला. पहिल्या रविवारी सगळी वस्ती निघाली. आबांनी धुतलेला सदरा घातला होता. आई लाजली, आली नाही. "सोताला काय बघायचं? तुमी जा. मी चिंबोऱ्या करून ठेवते, समद्यांना जेवाया घालीन." आम्ही पुढच्या बाकांवर एका ओळीत बसलो. अर्धा सिनेमा मुंबईतला होता, गाड्या, पार्ट्या, गाणी. मग बंगला आला आणि आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग ती नटी आली, आईच्याच पद्धतीनं पदर खोचलेली, हातात खराटा. पुन्हा टाळ्या. मी तिच्या कपाळाकडे बघितलं. कपाळ मोकळं होतं. गळ्यात काही नव्हतं. सिनेमातली मोलकरीण तरुण विधवा होती. तिचा नवरा घाटात रेल्वेखाली सापडून मेला होता आणि भिंतीवर त्याचा हार घातलेला फोटो होता. पुढं ती धबधब्याखाली भिजत गायली, तो रुमाल घेऊन गायली, रुमालाचा वास घेतला तेव्हा मागून शिट्ट्या आल्या, आणि शेवटी साहेबांनी तिच्या मांडीवर प्राण सोडला. आमच्या ओळीत कोणी हललं नाही. अंधारात मला आबांचा चेहरा दिसत नव्हता, पण त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे पडले होते, ते मला दिसत होते.

घरी आलो तर दारात रांगोळी होती आणि चुलीवर मोठं पातेलं उकळत होतं. लोक परस्पर आपापल्या घरी गेले. आई दारात उभी राहून हाका मारत होती, "अगं गंगूमावशी, या की! अवं, झालंय समदं!" कोणी वळलं नाही. आबा आत आले, पहार घेतली आणि म्हणाले, "ड्युटी हाय." रविवार होता. आई म्हणाली, "जेवून तरी जावा. आज तुमच्या आवडीचं हाय." आबा पहार खांद्यावर टाकून बाहेर पडले. ते गेले ते परत आले नाहीत. खंडाळ्याच्या बाजूला रुळाकडेला गँगवाल्यांची दगडी खोली होती, तिथं राहायला लागले.

"काय हाय गं त्या शिनेमात?" आईनं मला विचारलं. मी म्हटलं, "काही नाही." तिनं गंगूमावशीला विचारलं. गंगूमावशी आमच्या शेजारची, आईची लहानपणापासूनची मैत्रीण. ती म्हणाली, "तुला ठाऊक असंल की सरू, मला काय इचारतीस?" आठवड्याभरात रस्त्यानं जाताना पोरं तिच्या मागं रुमालाचं गाणं म्हणायला लागली. बंगल्यावर शेठचे पाहुणे आले आणि त्यांनी तिला खराट्यासकट उभं करून फोटो काढला. एका बाईनं विचारलं, "रुमाल अजून आहे का हो?" आईनं खराटा तिथंच टाकला. तिनं ते काम सोडलं आणि कुरवंड्याकडे मजुरीनं भातातलं तण बेणायला जायला लागली. तिथंही बायका तिच्या बाजूची ओळ सोडून उभ्या राहायच्या. मग बेडश्याहून मुलाचे वडील आले. भला माणूस होता. ओसरीच्या कडेला बसले, पाणी प्यायले आणि खाली बघत म्हणाले, "पोरीत खोट न्हाई, वयनी. पन आमच्या गावात बी थेटर बघून आलेली मानसं हाइत." आई म्हणाली, "भाऊ, मी काय केलंय ते तरी सांगा."  रुपयाचं नाणं आणि सुपारी उंबऱ्यावर ठेवून ते निघून गेले.

मी आत चुलीपाशी बसले होते. सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. मी सांगितलं असतं तर आईला निदान कळलं असतं. मी सांगितलं नाही. मला माझं लग्न मोडल्याचं रडू येत होतं आणि त्या रडण्याआड मी लपले. आईचं गाणं थांबलं होतं. जातं चालायचं, पण नुसतं दगडावर दगड. कौलांवर पावसाचा मारा, बाहेर भोंगे, आणि ठरावीक भोंगा झाला की आई अजूनही तवा चढवायची. तीन माणसांच्या भाकऱ्या करायची. तिसऱ्या माणसाच्या भाकऱ्या सकाळी आम्ही पाण्यात भिजवून खायचो.

एक दिवस मी शाळेतून आले तर घर उघडं आणि आई नाही. चूल थंड. गंगूमावशी दारात येऊन म्हणाली, "येसू, तुजी आय धरनाकडं गेलेली बघितली मी. काय बोलली न्हाई, नुसती गेली." तिचाही चेहरा उतरला होता. मी दप्तर टाकून पळत सुटले. धरण भरलेलं होतं, पाणी भिंतीला लागलेलं, धुक्यामुळं पलीकडचा काठ दिसत नव्हता. मी भिंतीच्या कडेनं "आय! आय!" करत धावत होते आणि पाण्यावर कुठं हिरवं लुगडं दिसतंय का ते बघत होते. जन्मात इतकी घाबरले नाही. चौकीदारानं मला दंडाला धरून मागं ओढलं आणि खडसावून सांगितलं की बाई इथं आली होती, थोडा वेळ पाण्याकडं बघत बसली, मग तिनं त्याला विचारलं, थेटरात बाईमाणसाला एकटीला आत सोडतात का.

मी थेटरावर पोचले तेव्हा तीनचा खेळ संपत आला होता. दारावर तिकीट फाडणारा माणूस मला आणि आईला ओळखत होता. तो म्हणाला, "आत हाय. सुरवातीपास्नं बसलीय." मी अंधारात चाचपडत पुढच्या बाकांपर्यंत गेले. आई ताठ बसली होती, पदर डोक्यावरून, हात मांडीवर. ओल्या लुगड्यातून पाणी ठिबकत होतं. पडद्यावर साहेब नटीच्या मांडीवर शेवटचे श्वास घेत होते. मागं कोणी मुसमुसत होतं. आई उठून उभी राहिली. पडद्याच्या उजेडात तिची सावली त्या नटीच्या तोंडावर पडली.

"त्यो हितं न्हाई मेला," ती मोठ्यानं म्हणाली. "त्याला आमच्या ह्यांनी पाटीवर घालून टेसनावर न्हेला. त्यो ममईला मेला. आन ह्ये मेलेले न्हाईत. जिते हाइत!"

"ए बाई, खाली बस!" कोणीतरी ओरडलं. मग हशा. कुणीतरी शेंगांची टरफलं फेकली. आई पडदा पांढरा होईपर्यंत उभी राहिली. मी तिचा हात धरला तेव्हा ती मला म्हणाली, "मला इधवा केली गं त्येंनी."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खंडाळ्याच्या बाजूला निघाली. मी मागोमाग. पावसात रुळाकडेच्या खडीवरून आम्ही चालत होतो. दगडी खोलीपाशी गँगवाले चहा पीत होते. आबांची दाढी वाढली होती, डोळे आत गेले होते. आई त्यांच्यापुढं उभी राहिली. "काल बघून आले मी. ती बाई मी न्हाई, तुमाला ठाऊक हाय."

"ठाऊक हाय," आबा म्हणाले.

"मग घर का सोडलंत?"

आबांनी हातातली चहाची पितळी खाली ठेवली. "मुकादम मला इचारतो, तू मेला व्हतास न्हवं? सादी थट्टा हाय. पन रोज इचारतो. माझ्या पाटीवरनं गेला त्यो मानूस, सरू. त्येच्या खोकल्याचं रगत माझ्या मानंवर सांडलं व्हतं. त्या शिनेमात मी कुटंच न्हाई. भितीवर फोटू हाय नुसता, त्यो बी दुसऱ्याचा."

तेव्हा मात्र मला राहवलं नाही. रुमालाचं मी सांगितलं, मी खोटं बोलले, दोन दिवस न जेवल्याचंही मीच, असं मी त्या सगळ्या माणसांसमोर ओरडून सांगितलं. मला वाटलं आबा मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "रुमालाचं मला ठाऊक व्हतं. देसाईसायबानं जायच्या आधी वही वाचून दावली मला. मी गप ऱ्हाइले. पोरगी मोट्या मानसांत खोटी पडंल म्हनून. एका रुमालाचं एवढं व्हईल असं कुनाला वाटतंय?"

 एक गाडी आली म्हणून सगळे बाजूला झाले आणि ती जाईपर्यंत आम्ही तिघं माना खाली घालून उभे राहिलो. मग आबा हळूच म्हणाले, "आता मला कळलं, तुला कळलं, पोरीला कळलं. त्या थेटरातल्या मानसांना कोन सांगनार?" आणि ते पहार उचलून बोगद्याकडे चालायला लागले.

त्या दिवसापासून आई रोज तीनचा खेळ सुटायच्या वेळी थेटराच्या फाटकाशी जाऊन उभी राहायला लागली. लोक बाहेर पडायला लागले की एकेकाला सांगायची, "त्या शिनेमातली बाई मीच. पन माझा नवरा जिता हाय. रेल्वेत हाय. त्येनंच सायबाला टेसनावर न्हेला." काही लोक हसायचे. काही जण तिला वेडी समजून बाजूनं निघून जायचे. एकानं हातावर दहा पैसे ठेवले, ते तिनं त्याच्या खिशात परत घातले. मॅनेजरनं दोनदा हाकललं. ती रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहायची आणि फाटक उघडलं की परत यायची. पहिले दोन दिवस मी घरात तोंड झाकून पडून होते. आई भिजून यायची, लुगडं पिळायची, आणि भाकरी खायची. तिसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. माझ्या वर्गातल्या मुली त्या खेळाला आल्या होत्या. त्या बाहेर पडल्या तेव्हा मला वाटलं जमीन दुभंगावी. मी आईच्या शेजारी उभी राहिले आणि म्हटलं, "रुमाल नव्हता. ते मी खोटं सांगितलं होतं." त्यांच्यातली एक हसली, दुसरीनं तिला गप्प केलं. नऊ दिवस आई तिथं उभी होती, त्यातले सात दिवस तिच्या शेजारी मी. किती जणांनी ऐकलं? मला वाटतं, नीट थांबून ऐकणारी चार माणसं असतील. एक म्हातारा सरदारजी ट्रकवाला होता, त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि आईला हात जोडले. मी पुढं तीस वर्षं शाळेत शिकवलं, हजारो मुलांपुढं उभी राहिले, पण त्या दिवसांइतकं अवघड उभं राहणं पुन्हा कधी वाट्याला आलं नाही.

दहाव्या दिवशी सिनेमाचा शेवटचा खेळ होता. पाऊस असा होता की समोरचं दुकान दिसत नव्हतं. आम्ही आडोशाला उभ्या होतो, तर निळ्या कपड्यांतले आबा घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन रस्त्यानं येताना दिसले. मुकादमानं त्यांना सांगितलं होतं की तुझी बायको थेटरापुढं तमाशा करतेय, घेऊन जा. ते आमच्यापाशी आले. रागानं आले होते हे त्यांच्या चालण्यावरून कळत होतं. पण आईची अवस्था बघून ते थांबले. ती थंडीनं कुडकुडत होती, ओठ निळे पडले होते, आवाज बसून घोगरा झाला होता. आबांनी आपली खोळ काढून तिच्या डोक्यावर घातली. "चल घरी," ते म्हणाले.

"सुटंल आता. सांगून येते," आई म्हणाली.

आबा गेले नाहीत. ते तिच्या शेजारी भिजत उभे राहिले. फाटक उघडलं. आतून फक्त सात माणसं बाहेर आली आणि पावसामुळं सातही जण डोक्यावर पेपर, पिशव्या धरून आमच्याकडे न बघता पळत सुटली. आईनं तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. तिकीट फाडणारा माणूस फाटक ओढून घ्यायला लागला. तेव्हा आबा दोन पावलं पुढं गेले. मला ते आजही दिसतात, उंच, पाण्यानं निथळणारे, शाळेत उभं केलेल्या मुलासारखे हात अंगाला चिकटवलेले.

"मी हिचा नवरा," आबा त्याला म्हणाले. "सायबाला टेसनावर न्हेला त्यो मी."

तो माणूस फाटकाची कडी हातात धरून थांबला. त्यानं आबांकडे बघितलं, आईकडे बघितलं. "व्हय का," तो म्हणाला. "या, आत या. पाऊस लय हाय." आणि त्यानं फाटक पुन्हा अर्धं उघडलं.